भावाचा पॅटिओ, आईचं जातं

माझ्या भावानं जळगावचं घर वाढवलं तेव्हा दगड राजस्थानातून मागवला. आमच्या मुलखात विहीर खणायला घेतली की पहिला आडवा येतो तो काळा दगड. बांधावर दगड, नाल्यात दगड, रस्त्याच्या कडेला फुकट पडलेला दगड. पण भावाला तो चालला नाही. त्याला हवा होता पिवळसर, घासलेला, हॉटेलच्या भिंतीला लावतात तसला. तो ट्रकनं आला, गल्लीनं तो उतरताना पाहिला, आणि भावाचं अर्धं समाधान तिथंच झालं.

मी त्याची थोरली बहीण. लग्न होऊन धुळ्याला आले त्याला आता इतकी वर्षं झाली की माहेरचे मला धुळेकरीणच समजतात. शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे, आणि हे लिहिताना ती आवरायचा माझा विचार नाही.

जळगावचं घर म्हणजे वाडाबिडा काही नव्हता. वडील कारकून. गावाबाहेरच्या कॉलनीत त्यांनी प्लॉट घेतला आणि दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे पत्र्याची पडवी एवढं उभं केलं. पुढचं अंगण मातीचं. आई ते शेणानं सारवायची आणि उन्हाळ्यात त्यावर खाटा टाकून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायची. कॉलनीतल्या बाया आपापली पोळपाट-लाटणी घेऊन यायच्या. घर लहान होतं, पण अंगणात कधी जागा कमी पडली नाही.

मागच्या पडवीत आईचं जातं होतं. ते तिच्या माहेराहून आलेलं, चोपड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून, तिच्या लग्नात, बैलगाडीनं. त्याच्याही आधी ते तिच्या आईचं. मोठ्या ताटाएवढं, काळंभोर, वरच्या दगडाची कड एके ठिकाणी थोडी उडालेली. गिरण्या आल्या, मिक्सर आला, तरी ते पडवीतून हललं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची भरड त्यावरच निघायची, उडदाची डाळही त्यावरच फुटायची. आणि श्रावणात कानबाई देवी बसायची तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटांचा गहू गिरणीत जायचा नाही, तो घरच्या जात्यावरच दळायचा. आमच्या जात्याला खुंटा एकच. त्या खुंट्याला वर आईचा हात, खाली माझा, अशा दोघी समोरासमोर बसायचो. लग्न झालं आणि तेच रोट मला चालेनासे झाले, कारण ते भाऊबंदांतच खायचे असतात आणि मी दुसऱ्या कुळाची झाले होते. त्या वर्षी मला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. आमच्या आईला जात्यावर बसलं की भांडण सुचायचं. ती जात्यावर कधी गायली नाही. ज्यांना तोंडावर बोलता येत नसे त्या सगळ्यांना ती तिथं बोलावून घ्यायची. सासू, नणंद, जाऊ, वडिलांच्या ऑफिसातला मोठा साहेब. ‘‘लई शानी समजस सोताले!’’ असं म्हणून ती नणंदेच्या नावानं जात्यात एक घास घालायची आणि खुंटा गरकन फिरवायची. पीठ पडायचं तसा तिचा राग खाली पडायचा, आणि उठायची तेव्हा तिचा चेहरा अगदी निवळलेला असायचा. मला वाटतं, माझ्या जिभेचा तिखटपणा त्या जात्यातूनच आला. फक्त मला तो दळून टाकायची सोय मिळाली नाही.

वडील आधीच गेले होते; शेवटच्या वर्षात आई पडवीत खाटेवर असायची. एकदा मी तिचे केस विंचरत होते. ती जात्याकडे बोट करून म्हणाली, ‘‘हाई जातं मनी मायनं शे. मना मांगे तू लई जाजो.’’ तिच्या आईचं जातं, तिच्यामागं मी न्यायचं. मी म्हटलं, कशाला असलं बोलतेस. ती म्हणाली, ‘‘भाऊले काय कामनं ते?’’ त्या वेळी भाऊ शेजारीच उभा होता, चहा पीत. तो हसला. म्हणाला, ‘‘खरंच माले काय कामनं?’’

दिवाळीच्या आधी आई गेली. तेराव्याला आम्ही गाडीनं गेलो होतो, आणि परत निघताना मी जात्याचा विषय काढला. तो नेमका शनिवार. जात्यात लोखंडाचा खिळा असतो, शनिवारी लोखंड घरी नेऊ नये, असं भावाच्या सासूबाईंनी सांगितलं. भाऊ म्हणाला, ‘‘अक्का, ते कुठं पळून जातंय? आखाजीला येशील तेव्हा ने.’’ मलाही पटलं. शास्त्र म्हणून नाही, पण आईच्या तेराव्याला तिची वस्तू उचलून न्यायला माझेही हात धजत नव्हते.

हिवाळ्यात भावाचा फोन आला. त्याला घर वाढवायचं होतं. पुढे दोन खोल्या, पोर्च आणि अंगणात काहीतरी छान. ठिबकच्या नळ्यांचं त्याचं दुकान बरं चाललं होतं. मला आनंदच झाला. मग तो जरा अडखळला आणि म्हणाला, ‘‘अक्का, तुझी सही लागेल.’’

आमच्याकडे लेकी हक्कसोड करून देतात. वडिलांच्या घरावर, जमिनीवर कायद्यानं जो काही वाटा असतो तो भावाच्या नावे सोडून द्यायचा, म्हणजे माहेरचं दार उघडं राहतं. जी सही करत नाही तिला आखाजीचं, म्हणजे अक्षय्यतृतीयेचं, बोलावणं येत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, पण बायकांना ते पाठ असतं. मी शाळेत मुलींना समान हक्काचा धडा शिकवलेला आहे, आणि जळगावच्या रजिस्ट्रार ऑफिसात मशीनवर अंगठा ठेवून सहीही करून दिलेली आहे. साहेबांनी विचारलं, स्वखुशीनं करताय ना? मी म्हटलं, हो. खोटं बोलले नाही. माहेर हवं होतं मला.

बाहेर आल्यावर भावानं मला साडी घेतली, वहिनीनं कुंकू लावलं. उसाच्या रसाच्या दुकानात बसलो असताना मी त्या दोघांना म्हटलं, ‘‘मला घरातलं दुसरं काही नको. आईचं जातं तेवढं माझं.’’ वहिनी म्हणाली, ‘‘अहो अक्का, विचारता काय, तुमचंच आहे ते.’’ भाऊ म्हणाला, ‘‘आखाजीला डिकीत टाकून देतो.’’ इतकं सरळ बोलणं झालं होतं. त्यात कुठं गैरसमजाला जागा नव्हती.

मग काम सुरू झालं आणि घरच्या ग्रुपवर फोटो येऊ लागले. जुना ओटा तोडला. मागची पडवी पाडली. अंगणातली काळी माती काढून मुरूम भरला, कारण काळी माती पावसात फुगते आणि वरची फरशी उचलून टाकते. पोर्चच्या खांबांना तो राजस्थानी दगड चिकटवला. नाशिकहून एक डिझायनर येत होता. त्याच्या तोंडून आमच्या अंगणाचं नाव पॅटिओ झालं, आणि आठवड्याभरात भाऊ, वहिनी, दूधवाला, सगळे पॅटिओ म्हणू लागले. एका फोटोत गेटपासून पोर्चपर्यंत वळत गेलेली गोल दगडांची रांग होती, दोन्ही बाजूंना लॉनची माती तयार केलेली. वहिनीनं खाली लिहिलं होतं, कसं वाटतंय? मी चष्मा न लावताच बघितलं, अंगठा दाखवला आणि ‘छान’ असं लिहिलं. तो अंगठा अजून त्या ग्रुपवर असेल.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. गाडीची डिकी मी मुद्दाम रिकामी ठेवली होती आणि तळाशी एक जुनी गोधडी अंथरली होती, जात्याला धक्का लागू नये म्हणून. आमचे हे म्हणाले, ‘‘दगडाला काय धक्का लागणार?’’ मी म्हटलं, तुम्ही गाडी चालवा.

पारोळा, एरंडोल करत जळगावात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गेट नवीन, काळ्या लोखंडाचं. आत शिरले आणि थबकले. खरं सांगते, घर देखणं झालं होतं. पिवळ्या दगडावर ऊन पडून सगळं झळझळत होतं. कडेला कोटा फरशी, मधे हिरवं लॉन, त्यावर ठिबकची बारीक नळी, आणि त्या लॉनमधून जाणारी ती गोल दगडांची वाट. पहिल्या दगडावर मी पाय ठेवला. दुसऱ्यावर ठेवला. तिसऱ्यावर ठेवताना खाली बघितलं. मधोमध एक भोक, सिमेंटनं बुजवलेलं. भोवती टाकीचे टोचे. जातं होतं ते.

सगळीच जाती होती. वरचे दगड, एकामागून एक, नऊ. दळायची बाजू वर करून जमिनीत बसवलेले आणि वरून कसलंसं चकचकीत पॉलिश मारलेलं.

मी चप्पल काढली. का काढली ते सांगता येणार नाही, हातून आपोआप झालं. भर उन्हात तो काळा दगड तव्यासारखा तापला होता, तळपाय पोळले आणि मी उडी मारून लॉनवर आले. पोर्चमधून वहिनी ओरडली, ‘‘अक्का, लॉनवर नका ना, कालच कापलंय!’’

पाणी प्यायल्यावर मी भावाला विचारलं, ‘‘आईचं जातं कुठंय?’’

त्याचा चेहरा उतरला असता तर मला बरं वाटलं असतं. तो खुलला. म्हणाला, ‘‘पाहिलं नाहीस? त्याच वाटेत आहे. डिझायनरची आयडिया. तो खेड्यापाड्यांतून जाती गोळा करतो, चोपडा, बोदवड, पार पिंपळनेरपर्यंत जातो. लोक उकिरड्यावर टाकतात ग अशी. त्याला आठ मिळाली होती. त्यानं पडवीतलं पाहिलं आणि म्हणाला, हे पण घालू. म्हटलं, वा! आईची आठवण कायम अंगणात राहील.’’

‘‘आणि मला काय सांगितलं होतंस?’’

तेव्हा कुठं त्याला आठवलं. खरंच विसरला होता तो. माझा भाऊ दुष्ट नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्यानं कपाळाला हात लावला, ‘‘अरे यार’’ म्हणाला, आणि लगेच वहिनीनं सूत्रं हातात घेतली. ‘‘आम्ही तर आईंची आठवणच जपली ना अक्का? तुमच्याकडे फ्लॅट. तिथं ते गॅलरीत धूळ खात पडलं असतं. इथं येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो.’’

‘‘येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावर पाय देऊन येतो,’’ मी म्हटलं.

ती पाण्याचा रिकामा ग्लास उचलून आत गेली. सुपातले हसतात आणि जात्यातले रडतात, अशी म्हण आहे. त्या दिवशी मी जात्यातली होते.

दुसऱ्या दिवशी आखाजी. आईच्या नावाची घागर भरली, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवल्या. गेलेल्या माणसांसाठी आम्ही पेटत्या गोवरीवर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकतो. दर वर्षी ते अंगणात व्हायचं. आता दगडाला डाग पडेल म्हणून वहिनीनं गवंड्यांचं एक घमेलं आणलं, कडेला सिमेंट वाळून चिकटलेलं, आणि त्यात गोवरी पेटवून ते गेटबाहेर ठेवलं. आईचा पहिला घास तिच्या स्वतःच्या घराच्या गेटबाहेर. मला माझं भांडण जात्यासाठी शिल्लक ठेवायचं होतं.

दुपारी जेवणं झाली. वहिनीच्या माहेरची माणसं आली होती, शेजारचे नाना-काकू होते, डिझायनरही जेवायला बोलावलेला होता. सगळ्यांच्या हातात पन्ह्याचे ग्लास. मी सगळ्यांदेखत म्हटलं, ‘‘मला माझं जातं काढून द्या.’’

डिझायनर सभ्य पोरगा होता. म्हणाला, ‘‘मॅडम, पूर्ण जातं आता नाही मिळणार. खालचे दगड जाड असतात, ते आम्ही भरावात वापरले. पण वरचा निघू शकतो. बेडिंग सिमेंटचं आहे, कापावं लागेल.’’

आईच्या जात्याचा खालचा अर्धा भाग पोर्चखालच्या भरावात गाडला गेला होता. हे तो सांगत होता आणि वहिनीची आई मान डोलावत होती. मला त्या क्षणी सगळ्यांना एकेक करून जात्यात घालावंसं वाटलं. पण वरचा दगड तरी मिळत होता. मी म्हटलं, ‘‘वरचा द्या.’’

भाऊ एव्हाना खरोखर कळवळला होता. तो लहानपणीच्या भाषेवर आला. ‘‘अक्का, तू फक्त दाखाड कोनतं शे ते. उद्याच काढी देस.’’

‘‘मी दाखवू? तुला माहीत नाही?’’

नव्हतं माहीत. डिझायनरनं फोन लावून मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री स्पीकरवर म्हणाला, ‘‘साहब, सब एकही ट्रॉली में थे. हमने साइज देखके लगा दिया.’’

‘‘काही हरकत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आमच्या आईचं जातं मी डोळे बांधले तरी ओळखीन.’’

हे वाक्य मी इतक्या ठसक्यात बोलले की काकूंनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी पायात चप्पल घालून उठले आणि वाटेवर गेले. माझ्यामागे ते सगळे पोर्चच्या कडेला येऊन उभे राहिले, लग्नात वरमाला बघायला उभे राहतात तसे. ऊन रणरणत होतं. मी पहिल्या दगडाशी वाकले. कड उडालेली होती. मनात म्हटलं, सापडलं. दुसऱ्याची कडही उडालेली होती. चौथ्याची, सातव्याचीही. इतकी वर्षं वापरलेल्या दगडाच्या कडा उडतातच, आणि जिथं फार उडाल्या होत्या तिथं मिस्त्रीनं सिमेंट भरून गोल केलं होतं. आकार म्हणावा तर चार-पाच सारखेच. रंग म्हणावा तर पॉलिशनं सगळे एकाच काळ्या रंगाचे.

मी नवव्यापर्यंत गेले आणि परत आले. लोकांना वाटलं मी खात्री करून घेतेय. मला एकही ओळखू येत नव्हता.

जे जातं मी जन्मापासून बघत आले, ज्याच्या खुंट्यावर माझा हात आईच्या हाताखाली राहिला, ते माझ्यासमोर होतं आणि मला ते कळत नव्हतं. दळायची बाजू मी बघितलीच कधी होती? ती तर नेहमी खाली असते. मला माहीत होतं ते खुंट्यासकट असलेलं जातं, त्याच्यापुढे आई बसलेली असताना. आई काढून घेतली, खुंटा काढून घेतला, उलटं करून जमिनीत पुरलं, आणि ते कुठल्याही बाईचं जातं झालं. पोर्चच्या कडेला वहिनी हातात ग्लास घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. नुसती वाट बघत होती.

मी पाचव्या दगडावर बोट ठेवलं. म्हटलं, ‘‘हे.’’

‘‘पाहा!’’ काकू म्हणाल्या. ‘‘लेकीला बरोबर कळतं.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री कटर घेऊन आला. सिमेंटची धूळ पोर्चभर उडाली, नव्या पिवळ्या दगडावर बसली. वहिनी पडदे लावून आत बसली. शेजारच्या दगडाला चीर गेली तेव्हा भावाच्या तोंडून एक शिवी निघाली आणि त्यानं ती अर्ध्यात गिळली. खूप वेळानं पहारीनं तो दगड उचकटला. मिस्त्रीनं आणि भावानं तो कड धरून उभा केला, खालची बाजू माझ्याकडे.

खालच्या बाजूला खुंट्याची भोकं होती. दोन. समोरासमोर.

दोन खुंट्यांचं जातं मोठ्या खटल्याच्या घरचं असतं. समोरासमोर बसून दोघी बाया आपापला खुंटा धरून ओढतात. आमच्या जात्याला एकच होता. आता शंकेला जागाच उरली नाही. हे आमचं नव्हतं.

भाऊ धापा टाकत होता. त्याच्या बनियनवर सिमेंट, भुवयांवर सिमेंट. त्यानं विचारलं, ‘‘हाईच ना अक्का?’’ त्यालाही आठवायला हवं होतं. तोही त्याच पडवीत वाढला होता, त्याच जात्याच्या भरडीच्या भाकरी खाऊन. पण तो जात्यावर कधी बसला नव्हता. त्याला भोकं एक की दोन याच्याशी काय कर्तव्य?

मी म्हणू शकले असते, हे नाही, दुसरं काढ. मग दुसरं निघालं असतं, तिसरं निघालं असतं, सगळा पॅटिओ उकरला असता. आणि वहिनी पडद्याआडून म्हणाली असती, डोळे बांधून ओळखणार होत्या ना? माझ्या हातात सही नव्हती, हक्क नव्हता, होता तो एवढा ताठा. तो मला तिथं सोडवेना.

‘‘हेच,’’ मी म्हटलं.

त्यांनी ते डिकीत ठेवलं. गोधडीवर. वहिनीनं ओटी भरली, गालावर हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, ‘‘झालं ना मनासारखं? आता राग नका धरू.’’ मी म्हटलं, राग कसला.

धुळ्याला घरी आल्यावर ह्यांनी वॉचमनला हाताशी घेऊन ते वर आणलं आणि गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवलं, भोकांची बाजू बाहेर. मग जरा मागे सरकून त्याच्याकडे बघत उभे राहिले. ह्यांनी आमच्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासुरवाडीला त्या पडवीत बसून आईशी गप्पा मारल्या होत्या. ‘‘तुझ्या आईच्या जात्याला एकच खुंटा होता ना ग?’’ ते म्हणाले. मी आत गेले आणि कणीक मळायला घेतली.

ते अजून गॅलरीत आहे. कुणा बाईचं ते, कुणास ठाऊक. पिंपळनेरकडची असेल, नाहीतर बोदवडची. तिच्या लेकीनंही कदाचित मागितलं असेल. मी त्याला रोज ओल्या फडक्यानं पुसते, कारण तिचा काही अपराध नाही. घरी आलेल्या बायका विचारतात, आईचं का? मी हो म्हणते.

भावाशी बोलणं तुटलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. या वर्षी आखाजीला त्याचा फोन आला, ‘‘अक्का, कधी निघतेस?’’ माझ्या सहीची किंमत मला चोख मिळते आहे, असं म्हणायला हवं. बोलावणं आलं म्हणून मी गेले.

गेट उघडलं. पाचव्या जागी राजस्थानी दगडाचा एक गोल तुकडा बसवलेला, बाकीचे आठ जिथल्या तिथं, वर्षभराच्या पावलांनी पॉलिश थोडं उतरलेलं. मी कडेनं, लॉनवरून निघाले. पोर्चच्या पायरीशी वहिनी स्वागताला उभी होती, हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. दोन्ही माझ्यावरून ओवाळून टाकायला. तिचा आवाज गोड होता.

‘‘अक्का, दगडांवरून या ना. लॉन दबतं.’’

आठांतला एक आईचा होता. कोणता, ते कळत नव्हतं, त्यामुळे कोणता चुकवायचा तेही कळत नव्हतं. ती तांब्या घेऊन ताटकळत होती. मी लॉनवरून बाजूला झाले आणि एकेका दगडावर पाय देत आत गेले.